चित्रफितींचे दप्तर

निजामाच्या मुलखात कागदाला दीर्घ आयुष्य असे. आदिलाबाद जिल्ह्यात अव्वल तालुकदाराच्या कचेरीपासून खेड्यातल्या पटवाऱ्याच्या ओसरीपर्यंत जमाबंदीचे आकडे, राखीव जंगलाच्या हद्दी, इनामांच्या सनदा, पट्ट्यांचे दाखले आणि फिर्यादींचे जबाब कागदावर उतरत, त्यांवर शिक्के उमटत, आणि ते सारे रुमालांत बांधले जाऊन फडताळांत आपापल्या जागी विसावत; त्या रुमालांत गोंड रयतेवर झालेले कितीतरी अन्याय कायद्याच्या भाषेत गुंडाळलेले असले, तरी पुढे ते अन्याय उलगडून दाखविण्याचे साधनही तेच रुमाल ठरले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु विसाव्या शतकात माणसाचे चालणे, हसणे, नाचणे आणि मरणे यांची जी नवी नोंदवही सेल्युलॉइडच्या फितीवर लिहिली जाऊ लागली, तिच्यासाठी ना निजामाने दप्तर उघडले, ना इंग्रज सरकारने, ना मुंबई-कोल्हापूरच्या चित्रसंस्थांनी. चित्रपट हा चार आठवडे चालणारा माल आहे, तो चालून झाला की त्याचे काम संपले, अशी सर्वांचीच समजूत होती. आणि ही समजूत एकट्या आपल्या देशाची नव्हती.

एखादा चित्रपट दुर्मीळ होतो याला काळाचा ओघ हे कारण पुरेसे नाही. कोणीतरी तो जाळतो, कोणीतरी मोडीत काढतो, कोणीतरी अधिकाराच्या जोरावर कुलुपात घालतो, आणि बहुतेक वेळा कोणीही त्याची विचारपूस करीत नाही. आणि तो पुन्हा लाभतो तेव्हाही बहुधा एखाद्या संस्थेच्या योजनेमुळे न लाभता कुणा एका माणसाच्या हट्टामुळे, किंवा कुणाच्या अडगळीतल्या पेटीमुळे लाभतो. या विचाराकडे मी वळलो तो एका जपानी मूकपटाच्या दैवगतीमुळे. त्या चित्रपटाचा नायक जुगाऱ्यांच्या टोळीचा म्होरक्या आहे, म्हणजे सभ्य समाजाने जपून ठेवावा असा हा विषयच नव्हे. पण नेमके तेवढ्यासाठीच त्याची कथा आपण समजून घेण्यासारखी आहे.

१९२७ साली निक्कात्सू या चित्रसंस्थेच्या क्योटो येथील कलागृहात दाइसुके इतो या तिशीच्या आतल्या दिग्दर्शकाने ‘चूजी ताबी निक्की’, म्हणजे चूजीच्या प्रवासाची रोजनिशी, या नावाचा तीन भागांचा चित्रपट काढला. कुनिसादा गावचा हा चूजी इतिहासात खरोखरच होऊन गेला. तोकुगावा शोगुनांच्या अमलाच्या उत्तरकाळात जुगाराचे अड्डे चालविणाऱ्या ज्या टोळ्या खेड्यापाड्यांतून नांदत होत्या, आणि ज्यांच्याशी आजच्या याकुझा टोळ्या आपले कुळ जोडतात, त्यांपैकी एका टोळीचा तो नायक होता. दुष्काळात त्याने गरिबांना धान्य व पैसा पुरविल्याच्या आख्यायिका त्याच्याभोवती जमल्या, आणि १८५१ च्या आरंभी सरकारने त्याला देहान्त शासन दिले. जपानी रंगभूमीने व कथाकारांनी त्याला शूर, दानशूर आणि अजिंक्य असा रंगविला होता. इतोने मात्र देन्जिरो ओकोची या नटाकडून जो चूजी उभा करविला, तो पळून पळून थकलेला, एका दारूच्या भट्टीत नाव बदलून कारकुनी करणारा, सांभाळलेल्या पोरक्या मुलाला दुसऱ्याच्या पदरात टाकावे लागलेला, आणि अखेरीस अर्धांगवायूने जर्जर होऊन आपल्याच गावी आणला गेलेला असा माणूस होता. तलवार जवळ आहे पण हात उचलत नाही, आणि घरभेद्याने दिलेल्या वर्दीवरून शिपाई दाराशी आले आहेत, या अवस्थेत त्याची कथा संपते. गुंडाचे उदात्तीकरण न करता त्याच्यातला माणूस दाखविण्याचे जे काम पुढे अनेक देशांच्या चित्रपटांनी केले, ते इतक्या आरंभीच्या काळी इतक्या निर्भयपणे झालेले क्वचितच आढळेल.

आणि हा चित्रपट नाहीसा झाला. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे ठिणगी लागताच भडकणारी आणि न जळली तरी आतल्या आत कुजून चिकट पिठासारखी होणारी. त्यात १९२३ चा भूकंप, मागाहून महायुद्धातील अग्निवर्षाव, आणि सर्वांत घातक अशी मालकांची उदासीनता, यांमुळे जपानच्या मूकपटांपैकी फारच थोडे उरले. कित्येक चित्रपटांच्या फिती कापून त्यांचे तुकडे लहान मुलांच्या खेळण्यातल्या प्रोजेक्टरांसाठी विकले गेले, आणि काही चित्रपट आज केवळ त्या खेळण्यातल्या तुकड्यांच्या रूपानेच शिल्लक आहेत. १९५९ साली ‘किनेमा जुम्पो’ या प्रतिष्ठित नियतकालिकाने समीक्षकांचा कौल घेतला तेव्हा जपानचा सर्वश्रेष्ठ चित्रपट म्हणून त्यांनी ‘चूजी ताबी निक्की’चे नाव घेतले. ज्याची प्रतच कुठे नाही अशा चित्रपटाला त्यांनी केवळ स्मरणाच्या बळावर अग्रपूजेचा मान दिला, हे मला फार हृद्य वाटते. पण त्याच वेळी असेही वाटते, की ज्या राष्ट्राला आपली श्रेष्ठ कृती केवळ आठवावी लागते त्या राष्ट्राने आपल्या दप्तराविषयी विचार करावयास हवा. दिग्दर्शक इतो १९८१ मध्ये निवर्तला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९१ च्या अखेरीस, हिरोशिमा येथे खासगी जागेत या चित्रपटाची जीर्ण रिळे सापडली. त्यांत दुसऱ्या भागाचा काही अंश आणि तिसऱ्या भागाचा बराचसा भाग होता. तोक्योच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राने त्यांवर उपचार करून ती पुन्हा पडद्यावर आणली. ज्या शहराचे नाव जगाने सर्वनाशाशी जोडून ठेवले आहे, त्याच शहरातून हा ठेवा निघावा, हा योगायोग विलक्षण होय.

जपानमध्ये हे दप्तर काही प्रमाणात जपले गेले त्याचे श्रेय मुख्यतः एका व्यवसायाला द्यावे लागते. मूकपटाच्या काळात तेथे पडद्याशेजारी उभा राहून पात्रांची भाषणे बोलणारा व कथा सांगणारा निवेदक असे. त्याला बेन्शी म्हणत, आणि त्याच्या नावावर तिकिटे विकली जात. बोलपट आले आणि बेन्शींची वतने गेली. त्यांच्यापैकी शुन्सुई मात्सुदा नावाच्या एका बेन्शीने महायुद्धानंतर गावोगाव हिंडून टाकून दिलेल्या मूकपटांच्या प्रती गोळा करण्यास प्रारंभ केला, १९५२ साली स्वतःची संस्था काढली, आणि १९८७ मध्ये निधन होईपर्यंत हजारो रिळांचा संग्रह उभा केला. त्याला आपली कला जगवावयाची होती आणि कला जगविण्यासाठी चित्रपट हवे होते. म्हणून तो नुसता साठवीत बसला नाही, लोकांना बोलावून, स्वतः निवेदन करून ते दाखवीत राहिला. संग्राहकाची खरी कसोटी माझ्या मते येथे लागते.

या कसोटीवर मालक कसे उतरतात याचे उदाहरणही त्याच निक्कात्सू संस्थेच्या इतिहासात आहे. सेइजुन सुझुकी हा तिच्या नोकरीतला एक दिग्दर्शक. वरिष्ठांनी हाती दिलेल्या पटकथेवरून, ठरीव मुदतीत, मुख्य चित्रपटाच्या जोडीला लावण्याचे स्वस्त गुंडपट काढून द्यावेत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. तो मात्र दरवेळी त्यांत रंगांची, प्रकाशाची आणि विक्षिप्त कल्पनांची अशी भर घाली, की ठरीव साच्याला तडे जावेत. १९६७ च्या जूनमध्ये त्याचा ‘कोरोशी नो राकुइन’ प्रदर्शित झाला. भाडोत्री मारेकऱ्यांच्या अदृश्य श्रेणीतला तिसऱ्या क्रमांकाचा मारेकरी, ज्याला शिजत्या भाताच्या वासाचे विलक्षण वेड आहे, हा त्याचा नायक. ती भूमिका जो शिशिदोने केली. चित्रपट चालला नाही. आपल्याला अनाकलनीय असे चित्रपट काढणारा मनुष्य संस्थेत नको, अशी भूमिका घेऊन संस्थेचे अध्यक्ष क्यूसाकू होरी यांनी १९६८ मध्ये सुझुकीला बडतर्फ केले. आणि एका चित्रपट-मंडळाने त्याच्या चित्रपटांचा महोत्सव योजला तेव्हा प्रती देण्याचेही नाकारले. सुझुकी न्यायालयात गेला. विद्यार्थी, समीक्षक आणि चित्रकर्मी त्याच्या बाजूने रस्त्यावर उतरले. १९७१ च्या डिसेंबरात तडजोड झाली, त्याला दहा लक्ष येन मिळाले आणि होरी यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली; शिवाय, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे, त्याचे दोन चित्रपट संस्थेने राष्ट्रीय चित्रपट केंद्राच्या स्वाधीन केले. त्यानंतरही कित्येक वर्षे मोठ्या संस्थांनी त्याला काम दिले नाही. पुढे ‘कोरोशी नो राकुइन’ हाच चित्रपट परदेशांतील संग्राहकांच्या हाती पडला, लेझर-डिस्क व डीव्हीडीच्या रूपाने घरोघर गेला, आणि जिम जार्मुशसारख्या अमेरिकन दिग्दर्शकाने १९९९ च्या आपल्या ‘घोस्ट डॉग’मध्ये त्याला उघड वंदन केले.

गुंडपटांविषयी संग्राहकांना हा जो ओढा वाटतो, त्याला विकृत कुतूहल म्हणून झटकून टाकणे मला न्याय्य वाटत नाही. भव्य, बोधप्रद आणि सरकारमान्य चित्रपटांची काळजी घेणारे कोणी ना कोणी असते. गुंडपट हा मुळातच अनाथ. तो स्वस्तात काढलेला असल्यामुळे त्याला महाल बांधणे परवडत नाही, म्हणून कॅमेरा खऱ्या गल्लीत, बंदरावर, गुत्त्यात, रेल्वेच्या फलाटावर न्यावा लागतो. परिणामी त्या काळच्या शहराची पाटी, पोशाख, वाहने, भाव आणि भीती यांची अशी नोंद त्यात नकळत होऊन जाते, की जी नोंद राजेरजवाड्यांच्या चित्रपटांत सापडत नाही. किंजी फुकासाकूची १९७३ पासूनची गुंडपटांची मालिका युद्धोत्तर हिरोशिमाच्या काळ्या बाजाराची जितकी साक्ष देते, तितकी साक्ष कित्येक गंभीर ग्रंथ देत नाहीत. शिवाय ज्या वस्तूला कोणत्याही संस्थेचा शिक्का नाही ती आपण ओळखली, हा आनंद संग्राहकाला असतो, आणि तो आनंद निर्मळ आहे. दोष येतो तो पुढे. आपली प्रत एकमेव असावी, दुसऱ्याने ती पाहू नये, हा लोभ संग्राहकाच्या मनात शिरला, की त्याच्यात आणि प्रती कुलुपात घालणाऱ्या होरी यांच्यात भेद उरत नाही.

आता आपल्याकडे यावे. १९२५ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटर यांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. जमीन सावकाराच्या घशात गेल्यावर गाव सोडून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी हा त्याचा विषय, आणि त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, यांनी केली होती. पुराणकथांच्या त्या युगात हा चित्रपट आपल्या मातीतले दुःख दाखविणारा म्हणून गौरविला गेला, आणि आज त्याची प्रत नाही. चूजीच्या चित्रपटाप्रमाणेच तोही केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणींत, अंधारातली झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे अशा एखाद्या दृश्याच्या रूपाने उरला आहे. पेंटरांनी दहा-अकरा वर्षांनी तो बोलपटाच्या रूपात पुन्हा काढला, पण मूळची जागा त्याने भरून निघाली असे जाणकार मानीत नाहीत. १९३१ चा ‘आलम आरा’, म्हणजे हिंदुस्थानचा पहिला बोलपट, त्याचीही प्रत कोठे नाही. मूकपटांच्या युगात आपल्याकडे सुमारे १,७०० चित्रपट निघाले, आणि त्यांतले जवळजवळ सगळेच आपण गमावले. पहिल्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे रीळ म्हणून जे आज दाखविले जाते, तेही १९१३ चे नसून फाळके यांनी काही वर्षांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे असावे, असे अभ्यासक म्हणतात.

हे चित्रपट गेले कोठे, याचे उत्तर कटू आहे. जुन्या कृष्णधवल फितीच्या लेपात चांदी असते; चित्रपटाची मागणी संपली की मोडवाले पेट्या विकत घेत, रसायनात फिती बुडवून चांदी काढीत, आणि उरलेल्या सेल्युलॉइडच्या बांगड्या व तत्सम किरकोळ वस्तू होत. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर ही हकीकत विषण्णपणे सांगत. १९६४ साली हे संग्रहालय स्थापन झाले, पुढच्याच वर्षी नायर तेथे साहाय्यक अभिरक्षक म्हणून रुजू झाले, आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी निर्माते, वितरक, तंबूवाले आणि मोडवाले यांचे उंबरे झिजवून सुमारे १२,००० चित्रपट जमविले. फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’चे तुकडे त्यांच्या कुटुंबीयांकडून मिळवून ते जुळविण्याचे श्रेय त्यांचेच. नायरांचे वैशिष्ट्य असे, की चांगला आणि वाईट असा भेद ते करीत नसत. आज टाकाऊ वाटणारा चित्रपट उद्या कोणाला काय सांगेल हे आपण ठरवू नये, अशी त्यांची निष्ठा होती. सरकारी नोकरीत राहून ज्याने संग्राहकाचे वेड इतके प्रामाणिकपणे पाळले असा दुसरा माणूस मला दिसत नाही. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातील नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातसह कितीतरी संस्थांच्या मूळ फिती भस्मसात झाल्या. म्हणजे दप्तर उघडणे पुरेसे नसते, त्याची राखण अहोरात्र करावी लागते.

निजामाच्या राज्यात चित्रपटाच्या दप्तराची कथा तर आरंभीच खंडित झाली. १९२२ च्या सुमारास कलकत्त्याचे धीरेंद्रनाथ गांगुली यांनी हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी स्थापून मूकपट काढण्यास सुरुवात केली. चित्रे निघत होती, चित्रगृहे चालू होती. पण १९२४ मध्ये त्यांनी ‘रझिया बेगम’ हा मुंबईत निघालेला चित्रपट आपल्या चित्रगृहात लावला. मुसलमान राणी हिंदू पुरुषावर अनुरक्त होते हा त्याचा विषय दरबाराला रुचला नाही, आणि राज्य सोडून जावे असा हुकूम गांगुलींना झाला. ते कलकत्त्यास परतले, तेथे त्यांनी मोठी कारकीर्द केली आणि १९७५ चे दादासाहेब फाळके पारितोषिकही त्यांना लाभले. परंतु हैदराबादेत काढलेले त्यांचे चित्रपट आज पाहावयास मिळत नाहीत. तोक्योतील एका अध्यक्षाच्या हुकुमाविरुद्ध न्यायालयात दाद मागता आली आणि त्याला अखेर तडजोड करावी लागली. हैदराबादच्या फर्मानावर अपील नव्हते.

आदिलाबादपर्यंत चित्रपट पोहोचला तो बाहेरून, डब्यांच्या पेट्यांतून. मुदखेड-किनवटकडून येणाऱ्या रेल्वेने आणि मोटारींनी पेट्या आल्या, पडदे लागले, आणि मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी बोलणारी माणसे एकाच जमिनीवर बसून हिंदी चित्रपट पाहू लागली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा हे आदिलाबादचे मराठी तालुके मुंबई राज्याकडे गेले, बेला-जैनथकडची मराठी वस्ती आंध्रात राहिली, आणि पैनगंगा ही राज्यांची सरहद्द झाली. पण हिंदी चित्रपटांच्या वितरकांनी मात्र ही वाटणी कधी पुरतेपणी मानली नाही. त्यांच्या व्यवहारात ‘निजाम’ नावाचा इलाखा राज्य बुडून कित्येक दशके लोटली तरी कायम राहिला, आणि त्यात तेलंगणाबरोबर मराठवाडाही धरला जाई. ज्या राजवटीने पहिल्या चित्रसंस्थेला हद्दपार केले, तिची सरहद्द शेवटी चित्रपटवाल्यांनीच सांभाळावी, ही इतिहासाची गती नोंद घेण्यासारखी आहे.

मराठवाडा-विदर्भाच्या जत्रांतून तंबूची चित्रगृहे फिरत. मालमोटारीवर प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्यांवर पेटणारा दिवा, चौकोनी पेट्यांत रिळे, आणि तुटलेली फीत दातांनी कातरून जोडणारा ऑपरेटर, असा हा संसार असे. वितरकाची मुदत संपली की प्रत परत करावी असा करार असला, तरी झिजलेली प्रत परत मागण्याची तसदी कोण घेणार? ती तंबूवाल्याच्या कोठीतच पडून राही, आणि अशाच कोठ्यांतून कित्येक चित्रपट पुढे सापडले. २००० नंतरच्या दशकात उपग्रहावरून व संगणकीय पेटीतून चित्रपट दाखविण्याची पद्धत रूढ झाली आणि हा सारा व्यवसाय मोडला; शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांनी २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात महाराष्ट्रातल्या अखेरच्या तंबूवाल्यांची हकीकत टिपली आहे. प्रोजेक्टर लोखंडाच्या भावाने गेले. पेट्यांतली रिळे कुठे गेली याची कोणी पावती घेतली नाही.

आदिलाबादच्या भूमीवर स्वतःचे चित्रण झाले ते दोन वाटांनी. पहिली वाट परकीयाची. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांचा पुढारी कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, आणि जंगल व जमीन यांसाठी गोंडांनी असे प्राण का द्यावेत हा प्रश्न निजामाच्या कारभाऱ्यांनाही टाळता येईना. त्याच सुमारास क्रिस्तोफ फोन फ्युरर-हायमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ, महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरून हैदराबाद राज्याबाहेर जाण्यास मोकळा नसलेला, आदिवासींमध्ये काम करीत होता. तो आपली पत्नी बेटी हिच्यासह मार्लवाई या गोंड खेड्यात राहिला. सावकार व बाहेरचे जमीनदार गोंडांची शेते कशी गिळीत होते ते त्याने सरकारला लिहून कळविले, म्हणजे जे कोल्हापुरात पडद्यावर दिसले होते ते त्याने आदिलाबादच्या शिवारात प्रत्यक्ष पाहिले. गोंड मुलांसाठी शाळा निघाल्या, देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके छापली गेली, केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत दरबार भरवून फिर्यादी ऐकण्याचा प्रघात पडला, आणि १९४८ मध्ये ‘द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हा ग्रंथ निघाला. बेटी १९८७ मध्ये वारली, तिला मार्लवाईतच पुरले. पुढे पतीच्या अस्थीही तेथेच आणल्या गेल्या, आणि गोंड आजही त्या जोडप्याची पुण्यतिथी पाळतात. त्याची हजारो छायाचित्रे, रोजनिश्या आणि अनेक आदिवासी समाजांत घेतलेली शंभराहून अधिक तासांची १६ मिलिमीटर चित्रफीत लंडनच्या विद्यापीठाच्या सोआस या शाखेत सुरक्षित आहे. त्याच परंपरेतील मायकेल यॉर्क याने १९८२ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी राजगोंडांवर एक चित्रपट केला, त्यात दिवाळीच्या दंडारीचा आणि मोरपिसांचे प्रचंड मुकुट धारण करणाऱ्या गुसाडी नर्तकांचा उत्सव आहे. मार्लवाईचेच गुसाडी कनक राजू यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली आणि २०२४ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या पूर्वीच्या पिढीने पायाचा ठेका कसा धरला, हे पाहावयाचे तर त्यांच्याच गावच्या मुलाने परदेशी संस्थेकडे अर्ज करावा, ही स्थिती मला क्लेशदायक वाटते. ज्यांनी हे जपले त्यांचे ऋण मी मानतो, आणि तरीही म्हणतो की नुसते जपून भागत नाही. शुन्सुई मात्सुदाप्रमाणे ते त्या त्या लोकांपुढे दाखविले पाहिजे.

दुसरी वाट स्वकीयांची. १९९० साली अल्लाणी श्रीधर यांनी कोमरम भीमच्या जीवनावर तेलुगूत चित्रपट काढला, भूपाल रेड्डी यांनी भीमची भूमिका केली, आणि आंध्र सरकारचे नंदी पुरस्कारही त्याला मिळाले. पारितोषिके लाभली, पण चित्रगृहे लाभली नाहीत. तो चित्रपट सर्वत्र प्रदर्शित झाला तो २०१० मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, जेव्हा तेलंगणाच्या चळवळीला आपल्या वीरांची नव्याने आठवण होऊ लागली होती. या वीस वर्षांत जोडेघाटच्या परिसरात जी मुले मोठी झाली त्यांनी भीमला गाण्यांत ऐकले, पुतळ्यांत पाहिले, पण त्याच्यावर निघालेला चित्रपट चित्रगृहात पाहिला नाही. भीमच्या नावाचा अंश घेऊन पुढे कोट्यवधींचे चित्रपट निघाले आणि जगभर गाजले. त्यांच्या प्रती कधी हरवणार नाहीत; धोका आहे तो अशा लहान, कष्टाने काढलेल्या, पाठीशी धनको नसलेल्या चित्रपटाला.

म्हणून आदिलाबाद, किनवट, राजुरा, माहूर, यवतमाळ या साऱ्या पट्ट्यातील वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात कोणी तंबूवाला, चित्रगृहाचा मालक, ऑपरेटर, वितरकाचा गुमास्ता किंवा हौशी संग्राहक होऊन गेला असेल, तर माळ्यावरचे आणि कोठीतले पत्र्याचे डबे मोडवाल्याच्या हवाली करू नका. डबा गंजला असेल तर बळाने उघडू नका. फार जुनी फीत असेल तर ती दिव्याजवळ वा चुलीजवळ नेऊ नका, कारण ती नायट्रेटची असू शकते. शिरक्यासारखा उग्र वास येत असेल तर तो डबा इतरांपासून वेगळा, थंड व कोरड्या जागी ठेवा. प्रोजेक्टरवर चढवून पाहण्याचा मोह आवरा. डब्यावर आणि फितीच्या आरंभी जे काही लिहिलेले असेल ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला पत्राने कळवा. तो चित्रपट भिकार आहे, गुंडांचा आहे, अपुरा आहे, मधलेच एक रीळ आहे, असा विचार करून मागे राहू नका. हिरोशिमात सापडलेला चूजीही अपुराच होता. आणि भारत सरकारने, तेलंगण सरकारने व लंडनच्या त्या संस्थेने मिळून आदिलाबादच्या गोंडांची चित्रे व चित्रफिती यांच्या प्रती उटनूर येथे आणाव्यात, आणि पुष्य अमावास्येच्या नागोबा जत्रेत केस्लापूरला पडदा लावून त्या मेसराम कुळाच्या वडीलधाऱ्यांपुढे व मुलाबाळांपुढे दाखवाव्यात, एवढी मागणी आपण सर्वांनी लेखी करावी.